अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन, लोहगड आणि विमाननगरचं लग्न

तुझा प्रश्न असा की डीजेआय कंपनीचा मिनी ३ ड्रोन घेतलाय, दुकानदार म्हणाला २५० ग्रॅमच्या आत आहे त्यामुळे परवानगी-बिरवानगी काही लागत नाही, तर येत्या रविवारी लोहगडावर विंचूकाट्यावरून (गडाची पुढे आलेली चिंचोळी सोंड) उडवायचा आणि पुढच्या महिन्यात चुलतबहिणीच्या लग्नात पुण्यातल्या विमाननगरला वरातीचे शॉट घ्यायचे, चालेल का. आणि त्याखाली एकाने लिहिलंय की काय होतंय, सगळेच उडवतात.

आधी थेट उत्तर. विमाननगरला नाही, अजिबातच नाही, पाच मिनिटांसाठी सुद्धा नाही. लोहगडावर लेखी परवानगी हातात असेल तर, नसेल तर ड्रोन घरी. आता कारणं सांगतो, जरा लांब आहे, चहा घेऊन बस.

दुकानदार पूर्ण खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये जे ड्रोन नियम आले त्यात २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन म्हणजे नॅनो, त्याला खरंच सवलती आहेत, टाइप सर्टिफिकेट (ड्रोनच्या मॉडेलची मंजुरी) नको, रिमोट पायलट सर्टिफिकेट (उडवणाऱ्याचा परवाना) नको, थर्ड पार्टी इन्शुरन्स नको. पण या सगळ्या सवलती कागदांच्या आहेत. कुठे उडवायचं याचा जो भाग आहे, रेड झोन (केंद्राच्या परवानगीशिवाय बंद), यलो झोन (परवानगी घेऊनच), ग्रीन झोन (परवानगीशिवाय), त्यात वजनाचा काही संबंध नाही, रेड म्हणजे दोनशे ग्रॅमलाही रेड आणि वीस किलोलाही रेड. सवलत मशीनला आहे, हवेला नाही. आणि हो, मिनी ३ ला जास्त वेळ चालणारी ती प्लस बॅटरी घेतली असशील तर ड्रोन २९० ग्रॅमच्या आसपास जातो, म्हणजे नॅनो नाहीच, मायक्रो झाला, मग इन्शुरन्स वगैरे लागू. दुकानदार बॅटरी विकताना हे सांगत नाही. नोंदणीचंही एकदा बघून घे, यूआयएन, म्हणजे ड्रोनचा नोंदणी क्रमांक, हा नियमाने लागतो, आणि परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे तेव्हा बिल कुठलं दिलंय, दिलंय का, हे विचार त्याला. तो वेगळा विषय आहे, इथे लांबवत नाही.

आता विमाननगर. विमानतळाच्या कुंपणापासून ५ किमीपर्यंत उडवायचंच नाही असं धरून चाल. ५ ते ८ किमी यलो, तिथे जमिनीपासूनच परवानगी लागते. ८ ते १२ किमीमध्ये २०० फुटांपर्यंत ग्रीन, त्यावर यलो. त्यापलीकडे ग्रीन झोनमध्ये ४०० फूट म्हणजे १२० मीटर, परवानगीशिवाय. यलो झोनची हद्द पूर्वी ४५ किमी होती ती १२ वर आणलीय, म्हणजे नियम सैल झालेत, तरी लोकांना बारासुद्धा जास्त वाटतात. विमाननगर तर विमानतळाच्या भिंतीला लागून, नावातच विमान आहे बाबा. त्यात पुण्याचं हे विमानतळ म्हणजे लोहगावचा हवाईदलाचा तळ, आपली इंडिगो-एअर इंडिया त्यांच्याच धावपट्टीवरून उडतात, सुखोई तिथे आहेत. रेड झोनची परवानगी केंद्र सरकारकडून येते आणि वरातीसाठी ती येणार नाही हे सांगायला मला ज्योतिषी व्हायची गरज नाही.

लोक म्हणतात विमान किती वर असतं, माझा ड्रोन पन्नास मीटरवर. बरं, हिशोब करू. उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या उतारावर येतं, म्हणजे धावपट्टीच्या टोकापासून ५ किमीवर ते साडेआठशे-नऊशे फुटांच्या आसपास असतं आणि २ किमीवर चारशे फुटांच्या आसपास. म्हणजे बाहेर जिथे तुला ४०० फूट परवानगीशिवाय मिळतात तीच उंची इथे घेतलीस तर तू विमानाच्या बरोबर वाटेत असशील. आणि हेलिकॉप्टर काही तो उतार पाळत येत नाही.

वजनावरून अजून एक. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला पॅलिसेड्सची मोठी आग लागली होती, तेव्हा पाणी टाकणाऱ्या कॅनडातून आलेल्या एका विमानाला हौशी माणसाचा ड्रोन धडकला. तोही २५० ग्रॅमच्या आतलाच. एका पार्किंगच्या इमारतीच्या गच्चीवरून उडवला, आग बघायला अडीच किलोमीटर लांब नेला, मधेच दिसेनासा झाला आणि थेट विमानाच्या पंखात. पंखाला साधारण ३ बाय ६ इंचाचं भोक. विमान सुखरूप उतरलं पण शहर जळत असताना ते काही दिवस दुरुस्तीत अडकलं. त्या माणसाने कोर्टात गुन्हा कबूल केला. त्यामुळे हलका आहे, काय लागणार, हे मला कोणी सांगितलं की मी तो भोकाचा फोटो पाठवतो.

वरातीसाठी गच्चीवरून किंवा बाल्कनीतून गिंबलवर (कॅमेरा हलू न देणारा स्टँड) घे, छान येतं, ढोल-ताशा वरून पन्नास फुटांवरून जसा दिसतो त्यापेक्षा तिसऱ्या मजल्यावरून जास्त चांगला दिसतो असं माझं मत. आणि लग्नाचा फोटोग्राफर म्हणेल आम्ही रोज उडवतो, तर त्याला सर्टिफिकेट दाखव म्हण. २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतंच, ते असलं तरी रेड झोन हा रेड झोनच, पण निदान त्याचा चेहरा तरी बघायला मिळेल.

आता लोहगड, हा जास्त अवघड भाग आहे कारण इथे मॅप बघून सगळं कळत नाही.

मॅप बघायचाच, डिजिटल स्कायचा सरकारी मॅप, निघायच्या दिवशी सकाळी परत बघायचा, कारण एसपी दर्जाचे पोलीस अधिकारी ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन लावू शकतात आणि तो आदल्या रात्री दिसलेला नसू शकतो. लोणावळ्यात आयएनएस शिवाजी आहे हे लक्षात ठेव, नौदलाची जागा. पण समज गडाच्या माथ्यावर ग्रीन दिसलं, तरी लोहगड भारतीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातला किल्ला आहे, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यातला एक. तिथे ड्रोन उडवायला पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. ग्रीन म्हणजे विमान वाहतुकीच्या बाजूने हरकत नाही एवढंच, ज्याची जागा आहे त्याची हरकत वेगळी. शिवनेरी, रायगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग इथेही हेच खातं. राजगड, प्रतापगड, साल्हेर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे, तिथे अर्ज तिकडे करायचा. हरिश्चंद्रगड, वासोटा हे अभयारण्यात, म्हणजे वनखातं. गडावरचा पहारेकरी तुला चालतंय म्हणाला तर ती परवानगी नव्हे, त्याची नोकरी मात्र जाऊ शकते.

बरं परवानगी मिळाली असं धरू. मग विंचूकाटा. इथे बहुतेकांचा घोळ होतो तो उंचीचा. स्क्रीनवर जी उंची दिसते ती तू जिथून टेकऑफ केलास तिथपासूनची, खालच्या जमिनीपासूनची नाही. नियम मात्र जमिनीपासूनचा आहे. विंचूकाट्याच्या टोकावर उभा राहून ड्रोन वर घेतलास, स्क्रीनवर २० मीटर, आणि पवनेच्या अंगाला पुढे ढकललास की दरी सुरू, जमीन एकदम तीन-चारशे मीटर खाली गेली, स्क्रीनवर अजूनही २० मीटरच. तुला वाटतंय मी किती खाली उडवतोय आणि प्रत्यक्षात तू १२० मीटरच्या मर्यादेच्या तिप्पट वर. आणि ही पुस्तकी गोष्ट नाही, लोहगड-विसापूरवर उभं राहिलं की पुण्या-मुंबईकडे जाणारं हेलिकॉप्टर कधी कधी डोळ्यांच्या रेषेत दिसतं, म्हणजे तुझा तो २० मीटरवरचा ड्रोन बरोबर त्याच्या पातळीला. पायलटला अडीचशे ग्रॅमचा करडा ठिपका ढगाळ दिवसात दिसणार नाही, तुला हेलिकॉप्टरचा आवाज येईपर्यंत उशीर झालेला असतो कारण कड्यावर वारा एवढा असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

त्यामुळे गडावर उडवायचा तर ड्रोन माथ्याच्या वरच ठेवायचा, दरीवर काढायचा नाही. सिनेमॅटिक शॉट जातो, जाऊ दे. उलट बाजूने, लोहगडवाडीतून किंवा गायमुख खिंडीतून वर न्यायचा विचार असेल तर रिटर्न टू होमची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येतो तेव्हाची, उंची बघ, कमी सेट केलेली असली आणि मधे कडा आला, सिग्नल गेला, तर तो सरळ रेषेत घरी यायला निघतो आणि कातळात जातो. पावसाळ्यात तर मुळातच नको, मिनीला पाण्यापासून काही संरक्षण नाही आणि धुक्यात दोन मिनिटांत दिसेनासा होतो, डोळ्यांना दिसेल एवढ्या अंतरातच उडवायचा हाही नियमच आहे. मिनी तीनशे मीटरच्या पुढे मला तर दिसत नाही, तुझे डोळे तरुण असतील.

अॅपने उडू दिलं म्हणजे परवानगी आहे असंही समजू नकोस. डीजेआयचा मॅप हा कंपनीचा मॅप, आपल्या सरकारचा नाही. अमेरिकेत तर जानेवारी २०२५ पासून त्यांनी बऱ्याच ठिकाणचा उडू न देणारा लॉक काढून नुसता इशारा ठेवलाय, जबाबदारी उडवणाऱ्याची.

आणि पोलिसांचे आदेश. मुंबईत पोलीस आयुक्तालय सारखे आदेश काढतं, ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून सगळ्यावर बंदी, बहुतेकदा महिनाभराची. पूर्वी कलम १४४ होतं ते आता नागरिक सुरक्षा संहितेतलं १६३. पुण्यात पालखी, गणपती विसर्जन, कोणी मोठा पाहुणा आला की असतंच. हे आदेश ड्रोनच्या मॅपवर दिसतीलच असं नाही, पेपरात किंवा पोलिसांच्या सोशल मीडियावर बघावे लागतात. मोडला तर न्याय संहितेतलं २२३, शिवाय ड्रोन नियमांचा एक लाखापर्यंतचा दंड वेगळा, आणि ड्रोन पोलीस स्टेशनच्या कपाटात. ज्यांनी सगळेच उडवतात असं लिहिलंय त्यांचं खरं आहे, उडवतात. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव होता तेव्हा सुद्धा काही हौशी मंडळींना गच्चीवरून उडवायचाच होता, त्यांना काय म्हणावं.

तर शिकायला कुठे जाशील. मोकळं माळरान किंवा ओळखीच्या कोणाचं शेत, पीक कापून झालेलं, विजेच्या तारा नसलेलं, मॅपवर ग्रीन. गावात आधी पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना सांग, नुसतं सांगायचं नाही, ड्रोन हातात देऊन दाखवायचा. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या गावांत आणि मराठवाड्यात रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात अशी हवा होती, माणसं काठ्या घेऊन जागी राहायची, तो धसका अजून आहे. अंधार पडायच्या आधी गुंडाळायचं. पोरं जमतात, त्यांना स्क्रीन दाखव पण पंख्यांपासून लांब उभं कर. घारी घिरट्या घालत असतील तर थांब, विणीच्या काळात त्या ड्रोनवर सरळ झेप घेतात.

लोहगडाच्या परवानगीसाठी अर्ज पुरातत्त्व खात्याच्या मुंबई मंडळाकडे करायचा, त्यात तारीख, वेळ, कोण उडवणार, कशासाठी हे स्पष्ट लिही, आणि येत्या रविवारचं विसर, एवढ्या लवकर होत नाही ते. तुझ्याकडे प्लस बॅटरी आहे की साधी ते सांग, आणि तुझं किंवा मामा-काकांचं शेत कुठल्या तालुक्यात आहे तेही, मॅप काढून बघतो तिथे काय दिसतंय ते.