सर्टिफिकेट आहे, पण वीस जण आले तर?

प्रश्न: ताई नमस्कार, मी गिरणेकाठच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) स्टाफ नर्स आहे. आपत्ती व्यवस्थापनाची ट्रेनिंग झालीय, म्हणजे दिवसभर हॉलमध्ये स्लाइड बघितल्या, जेवलो, सर्टिफिकेट घेतलं, घरी आलो. ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर-डोंगरीचा पूर आला तेव्हा मी शिकत होते, पण अजून जोराचा पाऊस लागला की पोटात गोळा येतो. एकदम वीस जण आले तर मी काय करू? (एक वाचक, जळगाव जिल्हा)

उत्तर: गोळा येतो ते बरंय गं, ज्यांना येत नाही त्यांचीच मला भीती वाटते.

वीस जण आले की आपला हात आपोआप ओरडणाऱ्याकडे जातो, आणि घोळ तिथंच होतो. ओरडतोय म्हणजे श्वास चालूय. कोपऱ्यात गप्प पडलाय त्याला आधी बघ. ट्राएज म्हणजे एवढंच, आधी कुणाला बघायचं ते रंगानं ठरवायचं: लाल आधी, पिवळा त्यानंतर, हिरवा थांबू शकतो, काळा म्हणजे हातचा गेलेला. आधी मोठ्यांदा सांगायचं, चालता येतं त्यांनी त्या लिंबाखाली जा, ते सगळे हिरवे. राहिलेल्यांत श्वास नसेल तर हनुवटी उचलून वाट मोकळी कर, सुरू झाला तर लाल, तरी नाही तर काळा आणि पुढं हो (हे जमायला मला वर्षं गेली). श्वास मिनिटाला ३० च्या वर, लाल. नख दाबून सोडल्यावर २ सेकंदांत गुलाबी झालं नाही, लाल. 'माझा हात दाब' म्हटल्यावर दाबला नाही, लाल. उरले ते पिवळे. एकामागे अर्धा-एक मिनिट, वाहतं रक्त तेवढं दाबायचं, सलाइन-बिलाइन नंतर.

आता स्लाइडमध्ये नसतं ते सांगते. 'हात दाब' त्याला कळलं का? म्हातारीला अहिराणीत विचार, 'कोठे दुखस माय?', आणि सातपुड्यातलं पावरी बोलणारं कुणी असेल तर स्वतः हात दाबून दाखव, नाहीतर धडधाकट माणूस भाषेपायी लाल व्हायचा.

दुसरं, पुढच्या महिन्यात बाळंत होणाऱ्या बायांची यादी कागदावर ठेव, मोबाइलची बॅटरी उतरते. फरशी पुलापलीकडच्या किती ते आत्ताच मोज, पाणी चढायच्या आधी त्यांना अलीकडे आणायचं, आशाताईंना ठाऊक असतं कोण कुठल्या मळ्यात राहते. लाईट गेली की फ्रीजमधल्या लसी आणि बाळंतपणात लागणाऱ्या ऑक्सिटोसिनला २ ते ८ डिग्री लागते, आइसपॅक गोठवलेले आहेत का ते ढग आल्यावर नाही, आज बघ. पूर ओसरला की साप घरात शिरतात, सर्पदंशाच्या इंजेक्शनच्या बाटल्यांची एक्सपायरी पण बघून घे.

आणि ड्रिल तुमच्याच ओसरीत करा, आशाताईंना पेशंट बनवायचं, हातात चिठ्ठी, 'श्वास ३६, बोलत नाही' असं लिहिलेली, पेशंटला बांधायचे रंगाचे टॅग नसतील तर दुकानातून रंगीत रिबिनी आण, काय पन्नास रुपयांत होतं. पहिल्या खेपेला सगळ्या पोट धरून हसतात. हसू दे, दुसऱ्या खेपेला रात्री लाईट घालवून टॉर्चवर कर.