महाबळेश्वरात राबणाऱ्याला महाबळेश्वरातच घर मिळू शकतं का?

तुम्ही विचारलंय, पर्यटनाच्या गावात हॉटेलात, दुकानात, टॅक्सीवर काम करणाऱ्या स्थानिकांना तिथेच परवडणारं घर मिळावं यासाठी खरंच काही करता येतं, की बाजारभावापुढे इलाज नाही? माझ्या मते इलाज आहे. नुसती स्वस्त घरं बांधून मात्र भागत नाही. बांधलेलं घर पुढेही कामकऱ्याच्याच हाती राहील, अशी अट त्या घराला कायमची चिकटलेली असावी लागते.

मी चौदा वर्षं महाबळेश्वरच्या हॉटेलांत काम करतोय. जन्मही तिथलाच, पण आता राहतो वाईला. आधी गावातच भाड्याच्या खोलीत होतो. पावसाळ्यात तिथे पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पाहुणा फिरकत नाही, त्यामुळे खोली सहज मिळते. भिंतींना बुरशी धरते, पोरांचे कपडे शेगडीवर धरून वाळवावे लागतात, पण छप्पर असतं. गणपती उठले की घरमालकाचं बोलणं बदलतं. "दिवाळीच्या आत खोली मोकळी करून द्या, सीझन आहे." त्याचा हिशोब मला कळतो. मी महिन्याला जे भाडं द्यायचो, ते शनिवार-रविवारचे पाहुणे दोन खेपांत देऊन जातात. तिसऱ्यांदा सामान बांधलं तेव्हा मुलगी चौथीत होती. तिची शाळा दरवर्षी हलवायची नाही म्हणून वाई गाठली.

तेव्हापासून रोज पसरणीचा घाट चढतो आणि उतरतो, एका बाजूला तीस-बत्तीस किलोमीटर. मेढ्याकडून येणाऱ्यांच्या वाट्याला केळघर घाट, पोलादपूरकडच्यांना आंबेनळी. दरड आली की रस्ता बंद, आणि त्या दिवसाचा पगारही बुडतो. हॉटेलात स्टाफची खोली असते, पण ती बहुधा तळघरात आणि एकट्या पोरांसाठी. बायको-मुलं तिथे आणता येत नाहीत. आणि नोकरी गेली की त्याच संध्याकाळी निवाराही जातो. त्यामुळे तिथे राहणारा पोरगा पगारवाढीचा शब्द काढायलाही घाबरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, बांधकामावर कडक मर्यादा आहेत. त्या हव्यातच, डोंगर गेला तर आमचं पोटही जाईल. पण जागा थोडी आणि मुंबई-पुण्याचा पैसा मोठा, मग प्रत्येक खोली पाहुण्याकडेच वळते. पंतप्रधान आवास योजनेतून स्वतःच्या जागेवर घर बांधायला अडीच लाखांच्या आसपास मदत मिळते, पण ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याने ते घर बांधायचं कुठे? म्हाडाचं घर पाच वर्षं विकता येत नाही, नंतर ते बाजारभावाने जातं. मोठ्या शहरात हे कदाचित चालून जाईल. आमच्याकडे सहाव्या वर्षी त्या घराचा होमस्टे होईल.

कॅनडातल्या व्हिसलर या बर्फाच्या पर्यटनगावाने हीच गाठ सोडवली. तिथे १९९० पासून नवं हॉटेल किंवा दुकान बांधणाऱ्याला वाढणाऱ्या कामगारांसाठी घरं द्यावी लागतात, नाहीतर त्याबदल्यात नगरपालिकेकडे पैसे भरावे लागतात. १९९७ मध्ये त्यासाठी वेगळी गृहनिर्माण संस्था झाली. तिच्या अखत्यारीतलं घर तिथल्या कामकऱ्यानेच घ्यायचं, स्वतः राहायचं, आणि विकताना ठरलेल्या दरानेच विकायचं. सुरुवातीला विक्रीची किंमत बँकेच्या व्याजदराशी जोडली होती, नंतर व्हँकुव्हरच्या घरबाजाराशी. तो बाजार भडकला तशी ही घरंही महागत गेली. मग तो दर महागाई निर्देशांकाशी बांधला. २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी उभारलेलं खेळाडूंचं गावही नंतर कामकऱ्यांच्या वस्तीसाठी वापरलं. प्रतीक्षायादी तिथेही लांबलचक आहे, पण निदान जी घरं त्यांच्याकडे आहेत ती निसटत नाहीत.

आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे नवं बांधायलाच फारशी जागा नाही, तिथे मला अमेरिकेतल्या व्हेलची युक्ती जास्त जवळची वाटते. कोलोरॅडोतल्या या गावाची नगरपालिका २०१७ पासून उभ्या घरांवरची अट विकत घेते. मालकाला पैसे मिळतात, घर त्याचंच राहतं, पण पुढे त्यात त्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आठवड्याला सरासरी तीस तास काम करणारा माणूसच राहू शकतो. एक वीटही न रचता कामकऱ्याचं घर तयार होतं.

आपल्याकडे कायद्यात बसेल का, असं कुणी म्हणेल. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १० नुसार, घर विकूच नये अशी सरसकट अट टिकत नाही. मात्र त्याच कलमात भाडेपट्ट्याला सूट आहे, अट पट्टा देणाऱ्याच्या हिताची असेल तर ती चालते. म्हणजे जमीन नगरपालिकेने स्वतःकडे ठेवायची आणि घर दीर्घ भाडेपट्ट्याने द्यायचं. महाबळेश्वरला हे नवीन नाही. इंग्रजांच्या काळातले कितीतरी बंगले सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्यानेच उभे आहेत. साहेबासाठी जी पद्धत चालली, ती खोल्या झाडणाऱ्या बाईसाठी का चालू नये, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

तुम्ही सातारा जिल्ह्यातले असाल तर एक करा. कोयनेच्या बाजूला नवीन महाबळेश्वर उभं करायचं घाटतंय, दोनशेहून अधिक गावं त्यात येतात. त्याच्या आराखड्यावर किंवा तुमच्या गावाच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतील तेव्हा लेखी द्या: किती खोल्यांच्या हॉटेलामागे कामगारांची किती कुटुंबं राहतील ते आधीच ठरवावं, ती जागा नकाशावर दाखवावी आणि ती भाडेपट्ट्यानेच द्यावी. जुन्या महाबळेश्वरात जमिनी विकून झाल्यावर आम्ही हे मागतोय. नवीन महाबळेश्वरात अजून बरीच जमीन मोकळी आहे.