आधी टाळी, मग कॅमेरा

प्रिय पोरी,

जॅझ नाटकाचे फोटो तालमीपासून शुभारंभाच्या प्रयोगापर्यंत तूच काढणार, हे वाचून फार आनंद झाला.

पहिल्या दोन तालमींना कॅमेरा पिशवीतच राहू दे. मांडीवर टाळी देत बस. आपला कान तबल्यावर तयार झालेला, समेची वाट बघणारा. इथे चारांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर असतो. नाचणारीचा खांदा तिथेच उसळतो. तू समेवर बटण दाबशील, तोवर तो खाली आलेला असेल. बारा बारचा (एका बारात चार मात्रा) ब्लूज असेल, म्हणजे जॅझमधला तो ठरलेला गीतसाचा, तर ४८ मात्रांचं आवर्तन मोज. सोलोत, म्हणजे एकट्या वादकाच्या वाजवण्यात, काय वाजेल ते वादकालाही आधी ठाऊक नसतं, पण आवर्तन कुठे संपणार ते पक्कं असतं. तिथे ट्रंपेटवाला श्वास घेतो, ओठ क्षणभर वाद्यापासून सुटतात आणि त्यांवर उमटलेला गोल वळ दिसतो. माझा सगळ्यात लाडका फोटो तोच. (आणि हे संगीत परकं मानू नकोस. पुण्यात गाणं शिकलेल्या सी. रामचंद्रांनी चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रंपेटवादकाला सोबत घेऊन हा झोक आपल्या आजी-आजोबांच्या कानांत केव्हाच पोचवलाय.)

रंगीत तालमीला मनसोक्त फिर. मात्र सायलेंट शटर (कॅमेऱ्याची आवाज न करता फोटो काढायची सोय) जपून वापर. एलईडी दिव्यांखाली त्याने आडवे पट्टे येतात. माझा एका शुभारंभाचा अख्खा पहिला अंक असा वाया गेला. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर पट्टे दिसलेच नव्हते. म्हणून चाचणीचे फोटो त्याच रात्री घरी मोठ्या स्क्रीनवर बघ. निळ्या-जांभळ्या झोतात चेहऱ्याचे बारकावे पुसले जातात, तेव्हा एक्स्पोजर जरा कमी आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. शटरचा वेग नाचाला १/५०० सेकंद, उभ्या गायिकेला १/१६० पुरे. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० ला बिचकू नकोस. दाणे चालतात, हललेले डोळे नाही.

प्रयोगाला कॅमेऱ्याचा फोकससाठी लागणारा छोटा दिवा बंद, स्क्रीन बंद. बालगंधर्वची तिसरी घंटा झाली की जागा सोडायची नाही. मागच्या रांगेतल्या माणसाने तिकीट काढलेलं असतं.

पडदा पडल्यावर लगेच आवराआवर करू नकोस. ड्रमवाला तेव्हा काठीऐवजी वापरायच्या ब्रशच्या तारा हळूच आत ओढून घेत असतो, मनगट अजून लयीतच असतं. तो फोटो मला पाठव.

तुझा,
काका