पुण्यात कर्जावर गाडी घेऊन अ‍ॅपवर चालवली, तर खर्च वजा जाता हातात किती उरतं?

‘गॅसचे पैसे काढले की बाकी सगळं आपलं’ असं तुमचा मित्र म्हणतो, म्हणून नोकरी सोडून कर्जावर गाडी घ्यायची आणि ओला-उबरसारख्या अ‍ॅपवर चालवायची, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून एवढ्यावर नोकरी सोडू नका. मी पुण्यात स्वतःची सीएनजी वॅगन आर अ‍ॅपवर चालवतो. गॅसचा खर्च रोज डोळ्यांना दिसतो म्हणून तो सगळ्यांच्या हिशोबात येतो. पण गाडीवाल्याला बुडवतात ते दोन खर्च वेगळेच आहेत: रिकामे किलोमीटर (पॅसेंजर नसताना गाडी पळते ते), आणि जे पैसे आज खिशातून जात नाहीत पण वर्षातून एकदा एकदम मागितले जातात ते.

आधी एक उदाहरण मांडतो. आकडे गोल केलेले आहेत, पण वास्तवाला धरून आहेत. समजा महिन्याला गाडी ५,००० किलोमीटर पळाली. कंपनी कागदावर किलोला ३४ किलोमीटर सांगते. एसी लावून, हिंजवडी-वाकडच्या ट्रॅफिकमध्ये २२ मिळाले तरी चांगलं समजा. गॅस ९० रुपये किलो धरला तर महिन्याचे साधारण २०,५०० रुपये झाले. सहा लाखांचं कर्ज, पाच वर्षं, ११ टक्के व्याज: हप्ता १३,००० च्या थोडा वर. टायर, ऑइल, ब्रेक पॅड, क्लचप्लेट, सस्पेन्शन यांचे ५,५०० बाजूला काढा. इन्शुरन्स, पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) आणि बाकी कागदपत्रांचे महिन्याला ३,५००. धुणं, मोबाइल रिचार्ज, पार्किंग, पंक्चर यांचे २,०००. बेरीज ४४,५०० रुपये. यात तुमचं जेवण नाही आणि तुमचा पगारही नाही.

आता कमाई. त्या ५,००० किलोमीटरपैकी पॅसेंजर बसलेला असतो तो साधारण ६५ टक्के, म्हणजे ३,२५० किलोमीटर. कमिशन कापून किलोमीटरला १८ रुपये हातात आले असं धरू (बऱ्याच दिवशी तेवढेही येत नाहीत). ५८,५०० रुपये जमा झाले. उरले १४,०००. दिवसाचे बारा तास रस्त्यावर काढून.

पण याच गणितात फक्त एक आकडा बदलून बघा. तेवढ्याच ५,००० किलोमीटरमध्ये पॅसेंजरचे किलोमीटर ७५ टक्के झाले, तर जमा ६७,५०० होते. खर्च एक रुपयाही वाढलेला नाही, आणि उरले २३,०००. म्हणून मी गॅसचा भाव दोन रुपयांनी वाढला यापेक्षा गाडी रिकामी किती पळाली याची जास्त काळजी करतो.

भाडं आलं की स्क्रीनवरची रक्कम बघून स्वीकारू नका. पिकअपचं अंतर आणि ट्रिपचं अंतर मिळून बघा. गॅस आणि झीज मिळून गाडीला किलोमीटरला पाच रुपयांच्या वर लागतात, गाडी भरलेली असो की रिकामी. तीन किलोमीटर लांबून पिकअप, पाच किलोमीटरची ट्रिप आणि ९० रुपये: त्यातले चाळीसेक रुपये तिथंच गेले. राहिले पन्नासच्या आत, आणि संध्याकाळी सहाला हिंजवडी फेज तीनमध्ये त्या पन्नास रुपयांना तासभर लागतो. शिवाय त्यातूनच हप्ता जायचा आहे. अ‍ॅप-टॅक्सी कंपन्यांसाठी केंद्राने २०२५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत या रिकाम्या फेरीची दखल घेतली आहे. किमान तीन किलोमीटरचं मूळ भाडं मिळावं आणि स्वतःची गाडी असणाऱ्या चालकाला भाड्याचे किमान ८० टक्के मिळावेत, असं त्यात म्हटलंय. पुण्यात एसी कॅबसाठी २०२४ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३७ आणि पुढे किलोमीटरला २५ रुपये असा सरकारी दर ठरलेला आहे. वरच्या गणितात १८ च्या जागी २५ (कमिशन कापण्याआधीचे) घालून बघा, म्हणजे चालक या सरकारी दरासाठी का भांडतायत ते समजेल. हे भांडण मला अगदी रास्त वाटतं. पण तुम्ही हिशोब आज हातात पडणाऱ्या दरावरच करा.

बाहेरगावच्या भाड्याचंही तेच. मुंबईचं भाडं मोठं दिसतं. जातानाचा टोल पॅसेंजरच्या बिलात येतो, परतीचा येत नाही. एक्स्प्रेस वेचा टोल आणि दीडशे किलोमीटरचा गॅस आपल्या अंगावर. मुंबईच्या वेशीवरचे पाच नाके ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या गाड्यांना माफ झाले, तेवढा दिलासा आहे. परतीचं भाडं नक्की असेल तरच मी एकेरी मुंबई घेतो.

आता वर्षातून एकदा येणारे खर्च. पिवळी पाटी (भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट) लागली की इन्शुरन्सचं चित्र बदलतं. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे हजार सीसीपर्यंतच्या खासगी कारचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) विम्याचा हप्ता वर्षाला २,०९४ रुपये आहे. त्याच इंजिनाच्या टॅक्सीला ६,०४० आणि वर प्रत्येक पॅसेंजरमागे १,१६२. चार पॅसेंजरचे धरून १०,६८८ होतात, म्हणजे पाचपट. कर आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा त्याहून वेगळा, आणि कर्ज असेल तर बँक हा विमा घ्यायलाच लावते. गाडी नवी असताना दर दोन वर्षांनी पासिंग, आठ वर्षांनंतर दरवर्षी. सीएनजीच्या टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची तपासणी, तीन वर्षांनी. ती चुकवू नका, आपण दिवसभर त्याच टाकीवर बसलेले असतो. पासिंगच्या आधी पत्रा, रंग, सीट कव्हर यांत पैसे जातात ते कोणी सांगत नाही. गाडी त्या दिवशी उभी राहते, ती कमाईही गेली.

घसारा, म्हणजे वापरानं दरवर्षी उतरणारी गाडीची किंमत, तर कुठल्याच चालकाच्या वहीत नसतो. वर्षाला ६०,००० किलोमीटर पळालेली पिवळ्या पाटीची गाडी पाच वर्षांनी विकायला काढा, तीन लाख किलोमीटर ऐकूनच गिऱ्हाईक मागे फिरतं. आयकर खातंही भाड्याने चालणाऱ्या गाडीला वर्षाला ३० टक्के घसारा मान्य करतं, साध्या कारला १५ टक्के. म्हणून मी वरच्या १४,००० ला उत्पन्न म्हणायला तयार नाही. त्यातले काही पुढच्या गाडीचे आहेत.

रोजची फी भरून कमिशन न देण्याच्या योजना आता आल्या आहेत. रोज दहा-बारा तास चालवणाऱ्याला त्या परवडतात. पण सुट्टी घेऊन मधेमधे चालवणार असाल, तर फी कोणत्या दिवसांची कापली जाते ते आधी नीट विचारून घ्या.

माझा सल्ला: लगेच कर्ज काढू नका. आधी लायसन्स आणि टॅक्सीचालकाचा बॅज काढा आणि दोन-तीन महिने कुणा मालकाची गाडी रोजावर चालवा. रोज सकाळी आणि रात्री गाडीच्या किलोमीटर-मीटरचा आकडा वहीत लिहा, बाजूला अ‍ॅपमध्ये दिसणारे ट्रिपचे किलोमीटर लिहा. तुमच्या भागात, तुमच्या वेळेत गाडी रिकामी किती पळते ते तुम्हाला स्वतःलाच कळेल. गाडी घ्यायचीच ठरली तर निम्मी रक्कम तरी रोख भरा, म्हणजे हप्ता सहा-सात हजारांवर येईल आणि एखादा महिना वाईट गेला तरी बँकेचा फोन येणार नाही.

तुम्ही राहता कुठं, ते लिहिलं नाहीत. तळेगाव किंवा उरुळीकडे राहत असाल तर रोजचं शहरात येणं-जाणंच रिकामं पडतं. ते कळवलंत तर त्याप्रमाणे हिशोब मांडून देतो.