पाच लाखांच्या देणगीआधी बक्षीसपत्र बाहेर काढा

कोल्हापूरच्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ६६, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त, पत्नी ६२ वर्षांची. ईपीएसची (कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शन ३,१०० रुपये, बँकेत १८ लाखांच्या ठेवी. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या घरात पाणी शिरलं आणि दोघं काही दिवस निवारा केंद्रात होते. तिथं ज्या स्थानिक संस्थेनं जेवू घातलं, ती आजही सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) आणि स्टेशनजवळ उघड्यावर झोपणाऱ्यांना रात्रीचं जेवण देते, औषधं आणि कागदपत्रं करून देते. या संस्थेला त्यांना ५ लाख द्यायचे आहेत. एकरकमी द्यावेत, की एजंटनं सुचवल्याप्रमाणे वर्षाला १ लाख असे १० वर्षं पॉलिसीत भरून १५ व्या वर्षी मिळणारे १७ लाख द्यावेत? पहिला हप्ता गेला आहे, पॉलिसी नऊ दिवसांपूर्वी हातात आली. शेवटी ताजा कलम: ‘घराची काळजी नाही. गेल्या वर्षी बक्षीसपत्र करून ते मोबदला न घेता मोठ्या मुलाच्या नावावर केलं. आम्ही त्याच्याकडेच राहतो. धंद्यासाठी तो आता घरावर कर्ज काढतोय.’

काका, पॉलिसीचं आधी उरकतो. १० लाख भरून पंधराव्या वर्षी १७ लाख म्हणजे वर्षाला जेमतेम ५ टक्के. पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या ८.२ टक्के देते. ३,१०० रुपये पेन्शन असलेल्या माणसाला वर्षाला लाखाचा हप्ता लावणाऱ्यानं तुमचं उत्पन्न विचारलंच नाही, किंवा विचारून दुर्लक्ष केलं. दोन्ही अक्षम्य आहे. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते आणि किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. तुमच्याकडे २१ दिवस आहेत. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. एजंट ‘थोडं थांबा’ म्हणेल, थांबू नका.

आता ताजा कलमाकडे येतो.

तुमच्या मुलाबद्दल मला एक वाकडा शब्द लिहायचा नाही. तो चांगलाच असेल. पण तुम्ही दोघं आज ज्या घरात राहता, तिथं राहण्याचा तुमचा कागदोपत्री हक्क काय आहे? बक्षीसपत्रात ‘आईवडिलांना हयातभर राहू देईन, सांभाळीन’ असं वाक्य आहे का? पत्रावरून वाटतं, नाही. राहतं घर मुलाला देताना मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये लागतं, म्हणून लोक पटकन करून टाकतात. उलट फिरवताना मात्र आईवडील त्या २०० रुपयांच्या सवलतीत बसत नाहीत, शुल्क घराच्या किमतीच्या टक्क्यांत मोजावं लागतं. आणि नोंदलेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून एकतर्फी रद्द करता येत नाही.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण तिथं पहिला प्रश्न येतो की सांभाळण्याची अट घातली होती का. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ती अट सिद्ध व्हायला हवी असं म्हटलं, २०२५ मध्ये कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे लावला. त्या वादात म्हातारपण घालवू नका.

माझी खरी भीती मुलाची नाही, बँकेची आहे. धंदा बसला, हप्ते थकले, तर बँक ६० दिवसांची नोटीस देते आणि नंतर ताबा घेते. आत कोण म्हातारं राहतं, याचा तिथं हिशेब नसतो.

तसं झालं तर काय? आज दोघांचा खर्च १५ हजार धरू. भाड्याच्या दोन खोल्यांचे ८ हजार मिळवले की २३ हजार. पेन्शन वजा जाता महिन्याला २० हजार, वर्षाला २ लाख ४० हजार ठेवीतून काढायचे. महागाई ६ टक्के आणि व्याज ८ टक्के धरलं तर १८ लाख सुमारे आठ वर्षं पुरतात. ५ लाख देऊन टाकले तर सहासुद्धा नाहीत. तेव्हा तुम्ही ७२ चे आणि काकू ६८ च्या.

मी अशाच एका छोट्या संस्थेचे हिशेब काही वर्षं पाहतो. रात्री जेवायला बसलेल्यांशी बोलताना पहिल्यांदा कळलं, तेव्हा मला झोप लागली नव्हती: त्यातल्या कित्येकांचं नाव कधीकाळी सातबाऱ्यावर नाहीतर प्रॉपर्टी कार्डावर होतं. तुम्ही ज्यांच्यासाठी ५ लाख काढता आहात, त्यांच्यात तुम्ही दोघं बसू नयेत, एवढ्यासाठी हे सगळं लिहितोय.

म्हणून कर्जाच्या कागदांवर मुलाची सही होण्याआधी त्याच्याशी बोला. भांडायचं नाही. चांगला मुलगा ‘तुमचं राहणं कागदावर आणू’ याला नाही म्हणत नाही. दोघांच्या हयातीपर्यंत राहण्याचा हक्क नोंदणीकृत दस्तात घ्या, काकूंचं नाव विसरू नका, आणि तो दस्त बँकेला दाखवूनच कर्ज होऊ द्या. बँक त्यामुळे कर्ज कमी देईल किंवा नाकारेल, ते तुमच्या हिताचंच आहे. वकील स्वतःचा नेमा, मुलाच्या कर्जाचं काम पाहणारा नको. आणि जामीनदार म्हणून कुठंही सही करू नका.

ठेवींपैकी १५ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवा, महिन्याला सरासरी १०,२५० रुपये होतात. ३ लाख दवाखान्यासाठी हाताशी राहू द्या.

आणि देणगी? तुम्हाला कर लागत नाही, तेव्हा ८०-जीच्या (देणगीवरच्या करसवलतीच्या) पावतीनं काही वाचणार नाही. बेघरांसाठी निवारे उभारणं महापालिकेचं काम आहे. निकष लाख लोकसंख्येमागे एक निवारा असा आहे आणि २०११ लाच शहर साडेपाच लाखांचं होतं. तुमचे ५ लाख ती कसर भरून काढणार नाहीत. संस्थेला दरमहा ५०० रुपये न चुकता द्या, छोट्या संस्थेला ठरलेल्या तारखेला येणारा पैसा फार उपयोगी पडतो. मोठी रक्कम द्यायची इच्छा मृत्युपत्रात लिहा, काकूंच्या पश्चात उरेल त्यातून.

तुमच्याकडे वेळ आहे, त्याची किंमत सांगतो. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेत बहुतेकांना दरमहा १,५०० रुपये मिळतात, म्हणजे माणसामागे वर्षाला १८ हजार. रस्त्यावरच्या माणसाला ते मिळत नाहीत, कारण आधार हरवलेलं असतं, पत्ता नसतो, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला चार चकरा मारायला कोणी नसतं. वर्षात असे तीन अर्ज मंजूर करून घेतलेत तर ५४ हजार होतात, दर वर्षी. तुमच्या ५ लाखांचं ७ टक्क्यांनी व्याज ३५ हजार.

पॉलिसीचा अर्ज देऊन झाला आणि मुलाशी बोलणं झालं की संस्थेत जा, कोणाचा अर्ज दाखल्यावाचून अडलाय ते विचारा, आणि त्यातला एक हातात घ्या.