स्टुटगार्टला येताना मुलासाठी कोणता लॅपटॉप आणू?

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. दहा वर्षांच्या मुलासाठी पुण्याहून कोणता लॅपटॉप आणायचा, आणि दोन वर्षं कोडिंगचा क्लास केलेला मुलगा इथल्या मुलांच्या पुढे असेल की मागे. व्हिसा, पत्त्याची नोंदणी, विमा हे सगळं सरकारी पानांवर आहे, ते सोडते. पण हा प्रश्न वाचून गप्प बसवेना. बाहेरून आलेले आपण आईबाप नेमके इथेच चुकतो.

लॅपटॉप आणू नका. पाचवीत बऱ्याच शाळांत तो लागतच नाही. वरच्या वर्गांत लागला तर काय घ्यायचं ते शाळा सांगते, आणि ते अनेकदा आयपॅड असतं. शिवाय कीबोर्डची भानगड आहे. जर्मन कीबोर्डवर 'वाय' आणि 'झेड' यांची अदलाबदल असते, आणि शिफ्ट धरून 2 दाबलं की '@' न येता अवतरणचिन्ह येतं. ('@' साठी स्पेसबारच्या उजवीकडची ऑल्ट-जीआर ही कळ धरून क्यू दाबायचा.) घरी भारतीय कीबोर्डवर 'वाय'ने सुरू होणारा, मध्ये '@' असलेला पासवर्ड ठेवलात, तर शाळेच्या संगणकावर तो चुकणारच. पडद्यावर नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे काय चुकतंय ते पोराला कळत नाही. पहिला पासवर्ड वाय, झेड आणि चिन्हं टाळून ठेवा. आणलेल्या लॅपटॉपवर जर्मन मांडणी चढवता येते, पण डावीकडच्या शिफ्टशेजारची '<' आणि '>' ची कळ आपल्याकडच्या बहुतेक लॅपटॉपवर नसतेच.

दुसरा खड्डा एक्सेलचा. इथे दशांशाला स्वल्पविराम लागतो. 3.5 लिहिलं की जर्मन एक्सेल त्याची 3 मे करून टाकतं. सूत्रंही जर्मन: 'सम'च्या जागी 'झुमे', 'इफ'च्या जागी 'वेन'. कोडिंग येणारा मुलगा इथे अडतो आणि शिक्षकांना वाटतं, याला संगणक येत नाही.

पुढे की मागे, याचं उत्तर भाषेत आहे. 2023 च्या 'आयसीआयएलएस' या आंतरराष्ट्रीय चाचणीत जर्मनीतली आठवीची सुमारे 40 टक्के मुलं सर्वांत खालच्या दोन पातळ्यांवर होती. म्हणजे इथे जन्मलेलीही काही जादूगार नाहीत. पण घरी जर्मन न बोलणाऱ्या मुलांचे गुण सरासरीने आणखी कमी. ही चाचणी माहिती शोधणं, ती विश्वासाची आहे का हे ताडणं आणि नीट मांडणं यांची असते, आणि हे तिन्ही वाचनावर चालतं. आपली मुलं इंग्रजीत शोधतात, उत्तर बरोबर आणतात, पण शिक्षकाला हवा असलेला जर्मन पारिभाषिक शब्द त्यात नसतो आणि गुण जातात. म्हणून शोध 'क्लेक्सिकॉन'पासून सुरू करू द्या. हा मुलांसाठीचा सोप्या जर्मनमधला ज्ञानकोश आहे. 'आंटोन' ॲपमध्ये दुसरी भाषा म्हणून जर्मन शिकण्याचा वेगळा विभाग आहे, रोज पंधरा मिनिटं पुरे. शाळा 'अँटोलिन', म्हणजे वाचलेल्या पुस्तकांवर प्रश्न विचारणारी साइट, वापरत असेल तर ग्रंथालयात त्याची खूण असलेली पुस्तकं मिळतात. वाचायचं आणि प्रश्न सोडवायचे.

वेळापत्रकाचं ॲप मात्र पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. शाळेत वेबउंटिस असेल तर पालकांचं खातं वेगळं आणि मुलाचं वेगळं. 'एंटफेल्ट' म्हणजे तास रद्द. नव्या मुलांना आधी 'फोरबेराइटुंग्सक्लासे' या भाषातयारीच्या वर्गात बसवतात. तिथे असतानाही खातं मिळेल का, हे आग्रहाने विचारा. आपणहून कोणी देईल अशी वाट पाहू नका. हे मला अजून सलतं, कारण मी वाट पाहिली.

एकटेपणाचं फार मनावर घेऊ नका, फक्त घड्याळ सांभाळा. शाळा एकच्या सुमारास सुटली तर पुण्यात उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे पोरगं घरी यायला आणि तिकडचे मित्र ऑनलाइन यायला एकच गाठ. इथली मुलं तेव्हा फेराइनमध्ये, म्हणजे खेळाच्या मंडळात असतात. आठवड्यातले दोन दिवस तरी त्यालाही तिथे घाला.

आणि शाळेची पत्रं त्याच्याकडून वाचून घेऊ नका. आपली पोरं भाषांतराचं ॲप पटकन शिकतात आणि घरची कारकून होतात; इथल्या मुलांच्या वाट्याला हे काम येत नाही. आमच्या लेकीने ते निमूटपणे केलं आणि मी त्याला हुशारी म्हणत राहिले. 'एल्टर्नब्रीफ', म्हणजे शाळेचं पालकांना पत्र, आला की आधी तुम्हीच फोनच्या कॅमेऱ्याखाली धरा, तळाशी सही करून परत द्यायची पट्टी आणि तिची तारीख बघा, अडलं तर शेजारणीला विचारा. तेवढ्या वेळात त्याला खाली खेळायला जाऊ द्या.