नवीन टीव्ही अन् साउंडबार घेतला, आता पहिले काय करू?

भाऊ, अभिनंदन! ॲटमॉस, एचडीआर, बिटरेट हे सगळं आता डोक्यात घेऊच नको, नंतर पाहू. पहिले एवढंच कर.

१) टीव्हीच्या मागं एचडीएमआयचे दोन-तीन पोर्ट असते, त्यातल्या एकावरच बारीक अक्षरात एआरसी नाहीतर ईएआरसी (टीव्हीचा आवाज साउंडबारले पाठवायची सोय) लिहिलेलं राहते. साउंडबारची वायर तिथंच लाव अन् सेटिंगमध्ये सीईसी (एकाच रिमोटवर टीव्ही अन् बार चालवायची सोय) चालू कर, कंपनीनुसार त्याचं नाव वेगळं असते. लय जण दुसऱ्याच पोर्टात खुपसतात, मग आवाज येत नाही म्हणून बार वापस करायले निघतात.

२) महागडी वायर घेऊ नको. ४के ६० हर्ट्झले (४के चित्र, सेकंदाले ६० वेळा) १८ जीबीपीएस वेगाची साधी एचडीएमआय वायर पुरते.

३) पेनड्राइव्हवर पिक्चर टाकून पाहशील त हे ध्यानात ठेव: पेनड्राइव्ह फॅट३२ (फाइल साठवायची जुनी पद्धत) असला त ४ जीबीच्या वरची फाइल त्याच्यावर जातच नाही, पेनड्राइव्ह खराब नसते. एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट कर, पण आपला टीव्ही ते वाचते का पाहून घे, अन् आतलं आधी कॉपी करून ठेव, सगळं उडते.

डाउनलोडचं म्हणशील त ओटीटीचं डाउनलोड ॲपच्या आतच राहते, पेनड्राइव्हवर निघत नाही. फुकटच्या साइटीच्या नादी लागू नको, चोरीचा माल अन् वरून व्हायरस.

अन् हो, स्टॅबिलायझर साउंडबारच्याही आधी घ्यायचा! आपल्याकडे शेतातले मोटरपंप सुरू झाले की व्होल्टेज कसं खालीवर होते तुले माहीतच आहे. विजा कडाडल्या की प्लग काढ, डिशची केबलही काढ. टीव्हीचं मॉडेल टाक, एआरसी कोणत्या पोर्टले आहे ते सांगतो.